दिवा लाल झाला नाही

मित्रांनो, मी एक जुना एअर प्युरिफायर आहे. नाव भारदस्त असले तरी काम साधे आहे. खोलीतली हवा आत ओढायची, गाळायची आणि परत सोडायची.

माझ्या नशिबी कौतुक तसे बेताचेच. पंख्याखाली बसले की लोक 'हुश्श' म्हणतात, फ्रिज उघडला की त्यांचे डोळे चमकतात. माझ्याजवळ बसून कुणी श्वास घेतला आणि 'वा' म्हटले, असे मी कधी ऐकले नाही. मी आत ओढतो ते दिसत नाही आणि बाहेर सोडतो तेही दिसत नाही. दिसतो तो फक्त माझ्या कपाळावरचा दिवा. हवा चांगली असली की तो हिरवा असतो. धूर, रोगण, अत्तर असले काही हवेत आले की तो लाल होतो. मला बोलता येत नाही, तेव्हा जे काय सांगायचे ते मी या दिव्यानेच सांगतो.

माझा जन्म एका लांबच लांब कारखान्यात झाला. डोक्याला टोप्या घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात आधी एक जाळी बसवली, मग घड्या घातलेला कागदी फिल्टर आणि त्यामागे कोळशाच्या बारीक दाण्यांचा थर. जाळी केस आणि धूळ अडवते, कागद त्याहून बारीक कण पकडतो आणि वास पकडायचे काम कोळशाचे. तपासणीसाठी एकीने माझ्यासमोर स्पिरिटचा बोळा धरला. माझा दिवा लाल झाला. "हा बरोबर चालतोय," ती म्हणाली आणि तिने मला खोक्यात घातले. एवढे चांगले शब्द पुढे फार दिवस माझ्या वाट्याला आले नाहीत.

माझी पहिली नोकरी दातांच्या दवाखान्यात होती. ज्याची दाढ ठणकते आहे त्याला हवेचे काय हो? माझ्या डोक्यावर जुन्या मासिकांचा गठ्ठा असायचा. फिल्टर बदलायचे असतात, हे तिथे कुणाच्या गावीही नव्हते. माझा कोळसा भरून गेला, पांढरे अंग पिवळे पडले, आणि मी नुसता घरघरत उभा राहिलो. मग एकदा दवाखान्याला नवा रंग द्यायचे ठरले. डॉक्टरीणबाई रंगाऱ्याला म्हणाल्या, "जाताना हे तेवढं खाली कचऱ्यात ठेवा."

"काय करतं हे?" रंगाऱ्याने विचारले.

"हवेतले वास खातं. म्हणजे खायचं."

रंगाऱ्याने मला उचलून मागूनपुढून पाहिले. मग म्हणाला, "मी घेऊन जाऊ का? माझ्या बहिणीला हवंय."

हा रंगारी चांगला उंचापुरा माणूस होता. लहानपणी बुटका होता म्हणून बहीण त्याला टिल्लू म्हणायची, आणि शिडीशिवाय छताला हात पोहोचायला लागला तरी त्याचे नाव टिल्लूच राहिले. रंगकाम त्याला वडिलांनी शिकवले होते. तो भिंतीच्या कडेची रेघ पट्टी न लावता ओढायचा, आणि ती सरळ यायची.

त्याच्या बहिणीला, म्हणजे ताईला, कपडे शिवण्याचे काम होते. कापडाच्या दुकानामागच्या खोलीत तिने बरीच वर्षे काढली. एकदा तिथे वाळवीसाठी औषध फवारले आणि मालकाने दुसऱ्याच सकाळी सगळ्यांना कामावर बसवले. बाकीच्या बायका थोड्या खोकल्या, शिंकल्या आणि बऱ्या झाल्या. ताई झाली नाही. तेव्हापासून तिच्या शरीराने वासांशी उभा दावा मांडला. नव्या कापडाची खळ, अत्तर, फिनेल, ताजी छपाई, काहीही पुरे व्हायचे. घसा आवळायचा, डोके ठणकायचे, बोटे थरथरायची आणि मग ती पडदे ओढून पडून राहायची. डॉक्टरांनी या दुखण्याला एक लांबलचक नाव दिले, औषध मात्र त्यांच्यापाशी नव्हते. ओळखीच्या लोकांनीही नाव दिले, 'नखरे'. येताना अत्तर लावू नका, केसांना काही फासू नका, असे सांगणाऱ्या घरी कोण किती दिवस येणार? ताई आता घरीच रफूचे काम करायची, तेही अनेकदा धुतलेल्या जुन्या कपड्यांचे. फाटलेले असे सांधायची की बोट फिरवूनही कळू नये.

आणि अशा बाईचा सख्खा भाऊ रंगारी. रोगण त्याच्या केसांत, नखांत, कातडीत मुरलेले. तो आला की जिन्याच्या खालच्या वळणावर उभा राहायचा, ती वर दारात बसायची, आणि मधल्या पायऱ्यांवरून दोघांच्या गप्पा चालायच्या. आईवडील गेल्यावर ही दोघे एकमेकांना उरलेली, पण एका खोलीत बसून त्यांनी कित्येक दिवसांत साधा चहा घेतला नव्हता.

म्हणून त्याने मला आणले. मला धुतले, पुसले, पोटात नवे फिल्टर घातले. इथेच थांबला असता तर बरे झाले असते. खरे तर ताईसारख्या माणसाला नव्या यंत्रापेक्षा माझ्यासारखे जुनेच बरे, कारण नव्या प्लॅस्टिकचा वास माझ्यातून केव्हाच उडून गेला होता. पण रंगाऱ्याचा हात स्वस्थ बसेल तर शपथ. माझे पिवळे अंग त्याला बघवेना. "ताईकडे हे असलं कळकट ध्यान नेऊ होय," असे पुटपुटत त्याने मला पॉलिशपेपरने घासले आणि मोतिया पांढऱ्या ऑइलपेंटचे हात दिले. मी इतका चकाकलो की माझी मलाच ओळख पटेना. मी खूशही झालो. त्याच्या नाकाला रंगाचा वास येणे कधीच बंद झाले होते, आणि माझे तर तेव्हा बटणच बंद होते.

दुसऱ्या दिवशी तो मला छातीशी धरून जिना चढला. ताई दारात हसत उभी होती. आम्ही शेवटच्या पायरीवर आलो आणि तिचे हसू उतरले. तिने पदर नाकाला लावला, चौकट धरली आणि मागे सरली.

"टिल्लू... हे रंगवलंस?"

"जुनं दिसत होतं गं," तो म्हणाला. मग त्याच्या तोंडाचा रंगच उडाला. "ताई, अगं, माझ्या लक्षातच..."

तिला हसूही येत होते आणि खोकलाही. खोकला जिंकला. तिने हाताने 'जा, जा' केले आणि दार लावून घेतले. तो मला मांडीवर घेऊन पायरीवर बसला आणि आतला खोकला ऐकत राहिला. करायला गेलो एक आणि झाले भलतेच, अशा वेळी माणूस स्वतःवर रागावतो. तो रागावला नाही, नुसता बसून राहिला, आणि ते मला जास्त लागले.

मग माझी रवानगी गच्चीवर झाली. पत्र्याच्या आडोशाखाली मला चालू करून ठेवले, म्हणजे अंगावरच्या रंगाचा वास उन्हावाऱ्याने लवकर उडेल. आता सांगा मित्रांनो, उघड्या आभाळाखाली हवा गाळत बसणे म्हणजे समुद्र वाटीने उपसण्यासारखेच की नाही? कबुतरे माझ्या डोक्यावर बसायची. वाळत घातलेले कपडे सोडले तर सोबत कुणाची नव्हती. ताई अधूनमधून वर यायची, खरबूज पिकले की नाही ते हुंगून बघावे तशी लांबूनच नाक पुढे करायची आणि म्हणायची, "अजून नाही रे बाबा." माझ्याशी बोलणारी ती पहिलीच. ती खाली गेली की मला फार एकटे वाटायचे. ज्या घरासाठी आपल्याला आणले त्याच घराने दाराबाहेर ठेवावे, यासारखे दुःख नाही. टिल्लूचे दुःखही तेच होते, म्हणून आम्हा दोघांचे जमले.

एकदा जिन्यातले बोलणे मला गच्चीवर ऐकू आले. टिल्लू म्हणत होता, "ताई, मी रंगकाम सोडूनच देतो."

"खबरदार," ताई वरून म्हणाली. "बाबांनी तुला काय शिकवलं आणि मला काय नाही, हे मला ठाऊक आहे. माझं काम माझ्या दुखण्यानं खाल्लंय. तुझंही खाल्लं तर मी कुणाकडे बघायचं? पुन्हा बोललास तर जिन्यावरही येऊ देणार नाही. त्या यंत्राचा वास जाऊ दे. मग तू अंघोळ करून, मी धुतलेले कपडे घालून आत यायचं. त्याला जोरात लावू. बघू काय होतं ते."

वास गेला, पण त्याला उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही लागले. मी तिच्या खोलीत आलो, तिच्या खुर्चीशेजारी उभा राहिलो, आणि खऱ्या अर्थाने कामाला लागलो. शेजारच्या घरातले फिनेल, खालून येणारा गाड्यांचा धूर, दाराच्या फटीतून येणारे कुणाचे अत्तर, सगळे मी गिळले. ताई वेळच्या वेळी माझी जाळी साध्या पाण्याने धुवायची, फिल्टर बदलायची. पडून राहायचे तिचे दिवस कमी झाले. "तू आहेस म्हणून रे," असे ती एकदा सुईत दोरा ओवताना म्हणाली. कारखान्यातल्या बाईनंतर मला चांगले म्हणणारी हीच.

सुट्टीच्या दिवशी टिल्लू यायचा. खालच्या मोरीत अंघोळ, तिने ठेवलेले कपडे, मग दाराजवळची खुर्ची. तरी तो आत आला की माझा दिवा भडक लाल व्हायचा आणि ताई मला सगळ्यात जोरात लावायची. मग माझी घरघर अशी, की दोघांना ओरडूनच बोलावे लागे.

"आज कुठं काम होतं?"

"काय?"

"काम, काम कुठं होतं?"

"जेवलो, जेवलो."

असे त्यांचे चालायचे. हसायचीही दोघे. पण काही बोलणी ओरडून होत नाहीत, ती तशीच राहून जायची. कधी ताई मला जरा हळू करायची, आणि त्याची किंमत दुसऱ्या दिवशी डोके धरून मोजायची. मला फार अपराधी वाटे. त्यांना जवळ आणले मी, आणि मधली भिंतही मीच.

अशी वर्षे गेली. एका सुट्टीला टिल्लू आला, खुर्चीत बसला आणि सांगू लागला. एका मोठ्या इमारतीचा जिना रंगवायला घेतला आहे, कालच शेवटचा हात दिला, फिकट निळा असा की बघत राहावे. ताईने सवयीने माझ्याकडे पाहिले. माझा दिवा हिरवा होता.

तिने मला थोपटले. दिवा हिरवाच. "बिघडलं वाटतं," ती म्हणाली.

"जुनंच आहे ना ते," टिल्लू घाईने म्हणाला. "बिघडणारच कधीतरी." आणि पुन्हा निळ्या रंगाकडे वळला.

मित्रांनो, मला इतका संताप आला होता. मी ठणठणीत होतो. हवेत रंगाचा कणही नव्हता, तर मी दिवा लाल कुठून करू? पुढच्या सुट्टीलाही तसेच झाले. त्याने एका बंगल्याच्या दारांचे पॉलिश सांगितले, आणि मी हिरवा तो हिरवाच. ताईला माझी काळजी लागली. तो गेल्यावर तिने तव्यात थोडे तेल चांगले कडकडीत तापवले, स्वतः खिडकीत जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघू लागली. माझा दिवा झटकन लाल झाला. ताईने गॅस बंद केला. यंत्र बरोबर होते. भाऊ खोटे बोलत होता.

पुढच्या वेळी तो आला तेव्हा तिने मला नेहमीसारखे जोरात लावले नाही. हलकेच चालू ठेवले.

"रंग कधी सोडलास?"

तो नखांकडे बघू लागला. नखे स्वच्छ होती. "झाले की महिने," तो अखेर म्हणाला. "गोदामावर पहाऱ्याचं काम धरलंय. बरं असतं. खुर्ची देतात."

"कशासाठी सोडलंस?"

"हात थरथरायला लागले गं. रेघ सरळ येईना. वय झालं, दुसरं काय."

ताईने रफूची सगळ्यात बारीक सुई काढली, दोरा तोडला आणि दोन्ही त्याच्या हातात दिले. "ओव."

तो हसला. न ओवता परत द्यावी असे त्याला वाटले असेल. पण वडिलांनी शिकवलेल्या हाताला खोटे बोलता येईना. दोरा पहिल्याच खेपेला सुईतून पार गेला.

ताईने सुई घेतली. तिचे डोळे भरून आले होते. "तुला नको म्हटलं होतं मी," ती म्हणाली.

"हो. म्हणून तर सांगितलं नाही."

"भिंती दिसतात का रे अजून? जाता-येता?"

"दिसतात," टिल्लू म्हणाला. "हात शिवशिवतात. पण तुझ्या दाराजवळ बसून ओरडत म्हातारं व्हायचं नव्हतं मला."

ताई उठली. तिने त्याची दाराजवळची खुर्ची ओढून आपल्या खुर्चीशेजारी ठेवली. मग माझ्याकडे आली आणि माझे बटण बंद केले. खोली एकदम शांत झाली. इतक्या वर्षांत त्या खोलीत दोघांना माझ्या घरघरीशिवाय बोलताना मी कधी ऐकलेच नव्हते. टिल्लू किती हळू बोलतो, आणि ताई बोलता बोलता मध्येच किती थांबते, हे मला तेव्हा कळले. ती त्याला खूप रागावली, तेही हळूच.

आता मी थकलो आहे. आतला पंखा खडखडतो, रंगाचे पापुद्रे निघाले आहेत. आठवडाभर मी ताईसाठी राबतो, आणि सुट्टी आली की बंद होऊन कोपऱ्यात उभा राहतो. त्या वेळी माझ्याकडे कुणी बघत नाही. एकटे वाटते, नाही असे नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याची जाळी धूत जा, फिल्टर बदलत जा, त्याच्या डोक्यावर रद्दी ठेवू नका. आणि तुमच्या ओळखीत ताईसारखे कुणी असेल, तर नखरे म्हणण्याआधी एकदा अत्तर न लावता त्यांच्या दारी जा. गेलात की थोडे जास्त बसा. माझी काळजी करू नका, मला बंद राहायला चालते.