पाहणी केलेला तुकडा

टक्‌. धुणं संपून वॉशिंग मशीनच्या दाराचं कुलूप सुटलं, तेवढ्यानेही घरातली शांतता मोडली. मी श्वास रोखला. पलीकडच्या खोलीत उर्जा कूस बदलून परत झोपली. दोन दिवस ताप होता पोरीला. आणखी अर्धा तास मिळेल या आशेवर मी लॅपटॉप जवळ ओढला.

राज्याच्या मालकीच्या जमिनी सांभाळणाऱ्या ऑफिसात मी नकाशांचं काम करते. या जमिनींचं उत्पन्न शाळांना जातं. कुठे शेताचा खंड, कुठे लाकूड, कुठे विकलेला तुकडा. २००६ साली शाळांची छपरं गळत होती आणि विकायला रिकामे तुकडे हवे होते. माझ्या यादीत एकसष्ट. प्रत्येकापुढे एक चौकोन: जागेवर जाऊन पाहणी केली. साठ ठिकाणी मी गेले होते, चिखल तुडवत. एकसष्टावा राहिला होता आणि यादी त्याच दिवशी द्यायची होती. विमानातून घेतलेल्या फोटोत नुसती जूनमधली गच्च झाडी. नोंदीत बांधकाम: नाही. मी चौकोनात खूण केली आणि कपडे वाळत घालायला उठले.

उर्जाचं किंडरगार्टन जंगलातलं आहे, बाड हॉम्बुर्ग या जर्मन गावाच्या वरच्या अंगाला. इमारत नाही. थंडीपावसात मुलं झाडांखालीच असतात, आणि शेकायला, आत चूल असलेली, चाकांवरची एक लाकडी गाडी. चाकं आहेत म्हणून ती नोंदीत बांधकाम ठरत नाही. रोज सकाळी मी तिथे पायवाटेने जायचे. तुकड्याचा नंबर मला माहीत असायचं कारणच नव्हतं.

ऑक्टोबरात तिथल्या बीच जातीच्या झाडांवर नारिंगी पट्टे दिसले, विकायच्या तुकड्याच्या हद्दीची खूण. दुपारी उर्जाच्या बाई, फ्राऊ हार्टविग, सगळ्या पालकांपुढे पत्र नाचवत होत्या. वर तुकड्याचा नंबर होता, माझ्या यादीतला एकसष्टावा.

"मार्चपर्यंत गाडी हलवा म्हणे! का, तर जागा वापरात नाही. पाहणीला माणूस येऊन गेला म्हणे. बावीस पोरं इथे बोंबलत असताना? मोतीबिंदू झाला होता काय त्याला?"

सगळे हसले. मीही हसले.

"तुम्ही त्या ऑफिसातच असता ना?" त्या माझ्याकडे वळल्या. "विचारा ना जरा, कोण हा शहाणा."

"हो... विचारते."

संध्याकाळी माझा नवरा श्रीनाथ र्युसेल्सहाइमच्या कारखान्यातून आला, तेव्हा त्याला सगळं सांगितलं.

"मग बोलून टाक. चूक झाली म्हणावं."

"चूक नाही रे, खोटं आहे ते. न जाता गेले म्हणून लिहिलंय. आणि माझा करार डिसेंबरात संपतोय."

"मग गप्प बस."

"तेही जमत नाही."

"मग मला कशाला विचारतेस, सरकारी बाई?" तो म्हणाला. पण पोळीचा घास त्याच्या हातातच राहिला.

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेले. ब्रांटसाहेब माणूस वाईट नाही. उर्जाच्या तापाची चौकशी करणारा ऑफिसात तो एकटाच होता.

"त्या तुकड्यावर मुलं असतात," मी म्हणाले.

त्यांनी फाइल उघडली. "आपल्या पाहणीत तर नाहीत. तर मग, फ्राऊ जोशी, पाहणी चुकीची आहे का? तसं असेल तर आत्ताच सांगा. आज थांबवता येईल, उद्या विक्रीच्या सह्या आहेत."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं. त्याचं लावून होईपर्यंत मी बघत राहिले.

"नाही," मी म्हणाले. "बरोबर आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले आणि फाइल मिटली.

मार्चमध्ये ट्रॅक्टर गाडी ओढून घेऊन गेला. मुलांनी हात हलवले. फ्राऊ हार्टविग पाठ करून उभ्या होत्या. परतताना उर्जाचा हातमोजा माझ्या मुठीत होता, तिच्या केसांना अजून चुलीच्या धुराचा वास. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. पायवाटेवर तिने जर्मनमध्ये विचारलं:

"आई, तो माणूस आम्हाला बघायला आला होता ना? मग आम्हाला न भेटताच का गेला?"