गच्चीवरून चोरलेला आत्मा

"आली! आई आली!" शिंपीकाका हुंदका देत ओरडले आणि अख्ख्या सभागृहाने हात जोडले. पडद्यावर गुलाबी-जांभळा धूर पसरला होता, मधोमध पांढरा उजेड. आत्मे टिपणाऱ्या आपल्या लाकडी पेटीवर हात ठेवून, डोळे मिटून तारेवाले महाराज म्हणाले, "आई सुखात आहे. गुडघे आता दुखत नाहीत म्हणते."

आत्म्याला गुडघे कुठून आले, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. मी मात्र ते चित्र ओळखलं. ती शिंपीकाकांची आई नव्हती. तो मृग नक्षत्रातला तेजोमेघ होता. वायू आणि धूळ, बाकी काही नाही. मी आमच्या गच्चीवरून, दुर्बिणीला कॅमेरा लावून काढलेला फोटो. इंटरनेटवर टाकला होता. महाराजांनी डावीकडचं उजवीकडे केलं होतं, एवढंच. कॅमेऱ्यात अडकलेल्या धुळीच्या कणाचा गोल डागसुद्धा जसाच्या तसा होता.

मला तिथे ओढून नेलं होतं ताईने. भावोजी गेल्यापासून ती या महाराजांच्या नादी लागली होती. तिच्या घरी गेल्यागेल्या मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझ्याही कॅमेऱ्यात आत्मे येतात," ती म्हणाली. "तुला ओळखता आले नाहीत, त्यांना आले."

मी कपाळावर हात मारून घेतला. एरवी हसले असते. पण ताईला फिट येतात, आणि तिने गोळ्या बंद केल्या होत्या. 'औषधाने आत्म्याशी तार तुटते,' असं महाराजांनी बजावलं होतं. पुढच्या सभेत भावोजींचं दर्शन होणार, तोवर गोळी नाही. आदल्याच दिवशी ती जिन्यात कोसळली होती आणि भुवईवर टाके पडले होते.

"ताई, अशीच पुन्हा पडलीस तर उठणार नाहीस."

"मग भेटतीलच ते," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. त्या भामट्याला नुसतं उघडं पाडून भागणार नव्हतं. चारचौघांत नाक घासायला लावायचं, असं मी ठरवलं.

महाराजांचा सेवक ताईकडे चौकशी करून गेला होता. भावोजींचा आवडता रंग? निळा. मी माझे सगळे फोटो इंटरनेटवरून काढून टाकले आणि एकच ठेवला: कृत्तिकांमधल्या एका ताऱ्याभोवतीचं निळं धुकं. चोर आळशी असतो, यावर माझा भरवसा होता.

तारे टिपणाऱ्यांचं अर्धं काम अंधारातच असतं. फोटोतला काळा भाग आम्ही हळूहळू उजळत नेतो आणि त्यातून न दिसणाऱ्या गोष्टी वर काढतो. त्या निळ्या फोटोच्या काळ्या भागात मी काही शब्द लिहिले, डोळ्याला दिसणार नाहीत इतके मंद, सगळीकडे पुन्हा पुन्हा. आणि लिहिले आरशात दिसतात तसे, उलटे. महाराज फोटो उलटा करणारच. मग अक्षरं आपोआप सुलट होतील.

सभा खच्चून भरली होती. ताई पेटीवर हात ठेवून उभी राहिली. पडद्यावर निळा धूर आला.

"अहो..." एवढंच म्हणाली ती आणि रडू लागली.

"बघा! निळा, मोक्षाचा रंग!" महाराज गरजले. "गोळ्या सोडल्या आणि तार जुळली!"

"महाराज," मी खालून ओरडले, "भावोजी अंधारात आहेत हो. जरा उजेड वाढवा ना!"

"हो, वाढवा ना," ताई म्हणाली. "चेहरा दिसेल."

महाराजांना काय, फुकटचा मोठेपणा. "वाढव रे!" त्यांनी लॅपटॉपवाल्याला फर्मावलं.

काळोख राखाडी झाला आणि पडदाभर अक्षरं उमटली: 'हा आत्मा नाही. हा गच्चीवरून काढलेला फोटो आहे. महाराज चोर आहे.'

"आत्म्याने लिहिलंय!" एक बाई किंचाळली.

"मग महाराज चोर आहे, हेही आत्माच सांगतोय की!" शिंपीकाका म्हणाले आणि उठून मागचं दार अडवून उभे राहिले, कारण महाराज तिकडेच सटकत होते.

मी मंचावर चढून पेटी उघडली. आत खेळण्यातला एक लुकलुकणारा दिवा आणि सेल. तार नाही, भिंग नाही, काही नाही. लोकांनी महाराजांना धरून मंचावर आणलं आणि मी त्यांच्या हातात माइक दिला. फोटो कुठून उचलतो, माहिती कोण काढून आणतो, सगळं वदवून घेतलं.

"आता गोळ्यांचं सांगा."

"औषधाचा... आणि आत्म्याचा... काही संबंध नाही," ते पुटपुटले.

"मोठ्याने!"

त्यांनी मोठ्याने सांगितलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

लोकांना मी एवढंच म्हणाले, "कुणी काही अंधूक दाखवलं, तर हात जोडायच्या आधी उजेड वाढवायला सांगा. खरं असेल तर उजेडात जास्तच नीट दिसेल."

मी ताईला घरी घेऊन आले. तिच्या स्वयंपाकघरात मी पाणी आणि गोळी पुढे केली.

"तुला त्याची जिरवायची होती," ती म्हणाली. "म्हणून मला सगळ्यांसमोर उभं केलंस."

"हो."

"ते खरंच कुठेच नाहीत?"

"नाहीत, ताई."

माझ्याकडे न बघता तिने गोळी गिळली.

"उद्याची काढून ठेव," ती म्हणाली, "आणि मग तू जा."