पाठमोरं वाक्य

त्या परदेशी अंतराळपटाच्या पाचही भागांत, अकरा वर्षं, यानातल्या इंजिनवाल्याला मराठी आवाज त्यानेच दिला होता. पडद्यावर तो धावला की हा माइकपुढे धापा टाकायचा, तो खोकला की हा खोकायचा. तिसऱ्या भागात दोघे मिळून मेले आणि चौथ्यात काहीच न घडल्यासारखे परत आले.

सहाव्या भागाची बातमी फुटली ती मात्र वेगळी होती. या वेळी यानातला एक जण समलिंगी असल्याचं कळणार होतं. पेपरांत मोठमोठे मथळे झळकले, कोण ते मात्र गुलदस्त्यात; तो इंजिनवालाच, हे फक्त डबिंगवाल्यांना कळलं होतं. आवाजवाल्याचा जीव सुपाएवढा झाला. नऊ वर्षं ज्याच्यासोबत संसार केला त्या चष्मेवाल्याला तो म्हणाला, "ताईला पहिल्याच दिवशी नेतो. माझ्याच आवाजात ऐकेल ती. मग मला नुसतं 'मीसुद्धा' म्हणायचं राहील."

चष्मेवाला एका भिंगाची कड घासत होता. मान वर न करता म्हणाला, "म्हणजे सख्ख्या बहिणीशी बोलायलाही तुला अंतराळयान लागतं."

बोचलं, पण खोटं नव्हतं. आईमागे ताईनेच त्याला वाढवलं होतं. चष्मेवाल्याला ती 'तुझा भाडेकरू' म्हणायची, आणि तो शब्द दर वेळी ऐकून घ्यायची दोघांना सवय झाली होती.

डबिंगला काचेपलीकडे बाई होत्या, पाचही भाग करवून घेतलेल्या. तीन तास स्फोट, किंकाळ्या, 'दाब वाढतोय कॅप्टन!' असं चाललं. मग ते वाक्य आलं. अख्ख्या चित्रपटात एकच: घरी माझा नवरा वाट बघतोय. आवाजवाल्याने पडद्याकडे पाहिलं. इंजिनवाला इंजिनाच्या झाकणाखाली डोकं घालून उभा. तोंड दिसेना, ओठ दिसेनात, दिसत होती ती फक्त घामेजलेली पाठ.

"बाई, एरवी याच्या नाकातले केस मोजता येतील इतक्या जवळून घेतलंय. इथेच पाठमोरा का?"

"ओठ दिसले की आपण अडकतो ना बाबा. पाठ असली की ज्या देशाला जे सोसेल ते घालता येतं." बाईंनी कागद काचेला लावला. "आपल्याकडे 'घरचे वाट बघताहेत'."

म्हणजे ते वाक्य बदलायची सोय तिकडे, मथळे छापण्याआधी, कॅमेरा लावतानाच करून ठेवली होती.

त्याने लाल दिवा लागायची वाट पाहिली आणि 'नवरा' म्हणाला. पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा इतक्या मायेने म्हणाला की बाईंनी हेडफोन काढून डोळे टिपले.

"सुरेख झालं. आता दुसरं दे."

"नाही देणार."

"नको देऊस. तुझी अकरा वर्षं माझ्याकडे साठवलेली आहेत. 'घरचे' दुसऱ्या भागातून उचलीन, 'वाट बघताहेत' पाचव्यातून." त्या धमकावत नव्हत्या. बस कुठून सुटते ते सांगावं, तसं सांगत होत्या. "माझंही वरती कुणी ऐकत नाही रे."

तरी त्याने ताईचं तिकीट रद्द केलं नाही. त्या डोळे टिपण्यावर त्याने वेडी आशा ठेवली.

दुपारच्या खेळाला ताई नवी चप्पल घालून आली. पडद्यावर ती पाठ आली. 'घरचे' आलं ते त्याच्या कोवळ्या गळ्यातून, 'वाट बघताहेत' आलं ते अलीकडच्या घोगऱ्या गळ्यातून. आपलाच गळा, आपलाच सूर, आणि बांधलेलं तोंडही आपलंच. आजूबाजूला कुणाला काही जाणवलं नाही.

बऱ्याच वेळाने ताई कुजबुजली, "ज्याची एवढी बोंब होती, तो आला का रे?"

"येऊन गेला. इंजिनवाला. घरी नवरा आहे त्याला."

"कधी म्हणाला? घरचे म्हणाला की! मनचं जोडू नकोस. आणि आवाज तर तुझाच होता."

इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर आलं. "मी नवराच म्हणालो होतो, ताई! तीनदा म्हणालो! त्यांनी काढून टाकलं. आणि माझ्याही घरी आहे. तो भाडेकरू नाहीये!"

"ओ भाऊ, हळू!" मागून कुणीतरी म्हणालं.

पडद्यावर एक ग्रह फुटला. त्या उजेडात ताई त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"किती वर्षं?"

"नऊ."

"नऊ! आणि मी मेली त्याला मुली सुचवत बसले? तिसरीचा तर फोटो पाठवला होता!"

"त्याने उत्तर दिलं होतं ना, छान आहे म्हणून."

"हसू नकोस. मला भयंकर राग आलाय."

"मलाही."

"अहो, पिक्चर बघू द्या!"

"बघा की!" ताई मागे वळून कडाडली. "बघण्यासारखं होतं ते कापलंय त्यांनी!" मग पर्स छातीशी घट्ट धरून ती समोर बघत राहिली. "संपू दे हे. मग घरी येते. दोघांनाही विचारायचंय मला."

उरलेला पाऊण तास यानं आदळत राहिली, आणि शेजारी बसलेल्या ताईचा राग नेमका कुणावर आहे ते त्याला काही केल्या कळेना.