माश्यांना भिणारी बाई

नेलिदानं भोपळ्याची वाटी पाहुण्याच्या हातात दिली. त्यानं नळीनं येर्बाच्या पाल्याच्या चहाचा कडू घोट ओढला, तोंड जरा वाकडं केलं आणि वाटी परत देताना अगदी शिस्तीत "धन्यवाद" म्हणाला. झालं! वाटी परत देताना धन्यवाद म्हणणं म्हणजे 'आता पुरे', हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. पुढच्या फेरीपासून तिनं त्याला वगळलं. आपल्याला पुन्हा कुणी विचारत का नाही, म्हणून तो बिचारा दर फेरीला मान वर करून बघत राहिला.

तो वॉशिंग्टनहून आलेला सरकारी अधिकारी होता. सोबत दुभाषी म्हणून ब्युनोस आयर्सची एक मुलगी होती. अर्जेंटिनावाले उत्पादनखर्चापेक्षाही स्वस्तात मध विकून आम्हाला बुडवतात, अशी तिकडच्या मधवाल्यांची तक्रार होती. चौकशीसाठी जी घरं निवडली, त्यांत नेलिदाच्या नवऱ्याचं, ओविदिओचं घर आलं. तक्रार खरी ठरली तर मधावर असं जबर शुल्क बसणार होतं, की गावच्या सोसायटीला टाळंच लागलं असतं.

सोसायटीचे अध्यक्ष डॉन अँसेल्मो आधीच येऊन दोघांना पढवून गेले होते. एका माणसाची मेहनत धरली तर खर्च जेमतेम भागतो, दोघांची मजुरी धरली की मध तोट्यात विकल्यासारखा दिसतो. तेव्हा मधमाश्यांच्या पेट्यांचं सगळं काम ओविदिओचं आणि नेलिदानं फक्त घर सांभाळायचं. नेलिदानं मान डोलावली होती. गावाचा प्रश्न होता. शिवाय मजुरी तिनं कधी मागितलीच नव्हती, त्यामुळे ती मिळत नाही असं सांगण्यात तिला फारसं खोटंही वाटलं नव्हतं.

"पेट्या उघडणं, पोळी उतरवणं, मध काढणं, हे सगळं तुम्ही एकटेच करता?" मुलीनं विचारलं.

"एकटाच," ओविदिओ म्हणाला. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

"आणि तुमच्या पत्नी?"

"ही?" ओविदिओ खुर्चीत मागे रेलला. "हिचं नावच काढू नका. हिला माश्यांची भीती वाटते. घरात एक मधमाशी शिरली तरी पलंगाखाली जाऊन बसते."

आजही शेजारी येऊन बसलेले डॉन अँसेल्मो पोट धरून हसले. मुलगीही हसली आणि तिनं ते अधिकाऱ्याला इंग्रजीत सांगितलं, मग तोही हसला.

नेलिदाच्या हातातली किटली हवेतच राहिली. हे ठरलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी ट्रकमधून पेट्या खाली कोसळल्या, तेव्हा काचा वर करून संध्याकाळपर्यंत आत बसून राहिला होता तो ओविदिओ. उसळलेल्या माश्यांमधून एकेक पेटी गोळा केली होती ती तिनं. त्या दिवसापासून तो पेटीच्या जवळपासही फिरकला नव्हता. तो ट्रक चालवी, सभांना जाई, पिंपांचं वजन करी. त्याची पाठ दुखते असं तिनं गावाला सांगितलं होतं, सख्ख्या बहिणीलाही तेच. इतकी वर्षं तिनं जी भीती झाकून ठेवली, तीच त्यानं आज हसत हसत तिच्या नावावर केली होती. आपण काय ऐकलं, हेच तिला क्षणभर कळेना.

उघड्या दारातून एक मधमाशी आत आली. नेलिदाच्या बाह्यांना मधाचा वास होताच. माशी मनगटावर बसली, किटलीच्या कडीखाली दबली आणि डसली. नेलिदानं अंगठ्याच्या नखानं नांगी खरवडून काढली आणि वाटीत पाणी ओतणं चालू ठेवलं. पाण्याची धारही हलली नाही.

"चावली ना?" दुभाषी मुलगी तिच्या हाताकडे बघत होती. "दुखलं नाही तुम्हाला?"

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. डॉन अँसेल्मो छताकडे बघू लागले. नेलिदानं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

तिनं किटली खाली ठेवली आणि किंचाळली. उशिराच, पण अशी किंचाळली, की अंगणातला कुत्रा उठून पळाला. बाळंतपणातही तिनं असा आवाज काढला नव्हता. आपल्याच घशातून हे निघालं, यावर तिचा विश्वास बसेना.

"पाहिलंत?" ओविदिओ म्हणाला.

अधिकाऱ्यानं सहानुभूतीनं मान हलवली आणि लिहून घेतलं.

मंडळी गेली. वहिनींनी गाव वाचवलं असं म्हणून, तिच्या गालाला गाल लावून डॉन अँसेल्मोही गेले. ओविदिओ हात चोळत आत आला.

"काय नटी आहेस गं तू! चल, निलगिरीखालच्या पेट्या तुडुंब भरल्यात. धुराडं पेटव. ऊन उतरायच्या आत उरकून टाक."

नेलिदा टेबलाशी त्याच्या खुर्चीत बसली होती.

"मी नाही जात."

"म्हणजे?"

"मला माश्यांची भीती वाटते."

ओविदिओ हसला. ती हसली नाही. त्यानं दाराकडे पाहिलं. खिळ्याला तिची जाळीची टोपी अडकवलेली होती, जाळीत दोन-चार पिकले केस गुंतलेले होते. दाराबाहेरून निलगिरीखालची घूं घूं ऐकू येत होती. मग लग्नापासून कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं. किटली उचलली, वाटी भरली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

"घे," तो हळूच म्हणाला. "अजून एक घे, मग बोलू आपण."

तिनं वाटी घेतली. नळी खडखड वाजेपर्यंत, तळाचा शेवटचा थेंबही ओढला. मग वाटी त्याच्या हातात परत दिली.

"धन्यवाद," ती म्हणाली.