लाकूड मुरेपर्यंत

आमच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत माणसं कमी आणि फळ्या जास्त राहायच्या. ह्यांनी नोकरी सोडून कपाटांचा स्वतःचा धंदा काढला, तेव्हा एकच हट्ट धरला होता: पुरतं मुरल्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही. आधीच्या मालकाकडे ओल्या लाकडाची कपाटं करून ह्यांनी लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मुरायला वर्षं लागायची आणि गोदाम परवडत नव्हतं. मग फळ्यांवर फळ्या, मध्ये हवा खेळायला पट्ट्या, अशी थप्पी छतापर्यंत गेली. ऊन लागून तडकतील म्हणून खिडकी कायमची बंद. थप्पी आणि भिंत यांच्यामध्ये आमची खाट. कूस बदलायची तर दोघांनी एकदम.

पोटापुरतं हे लोकांच्या खुर्च्या दुरुस्त करून मिळवायचे. धाकटे दीर दारातूनच विचारायचे, "वहिनी, फळ्यांकडून भाडं घेता की नाही?"

पहिल्या खेपेला सातवा महिना लागला आणि मला त्या फटीतून जाता येईना. स्टोव्हशेजारी अंथरूण घातलं. बाळाला कुठे ठेवायचं, एवढंच डोक्यात.

त्याच सुमारास एक ठेकेदार आला. वसतिगृहासाठी कपाटं हवी होती. सगळी थप्पी संपली असती. ह्यांनी एका फळीवर बोटाने टकटक केलं.

"आत ओल आहे अजून. दमट हवेत दारं फुगतील."

"फुगतील तेव्हा फुगतील, मिस्त्री. तोवर आपलं बिल निघालेलं असेल."

"मग नुसत्या फळ्या घेऊन जा."

"फळ्या कुठेही मिळतात. मला हात तुमचा हवाय."

दीर चिडले. "दादा, अरे वहिनीकडे तरी बघ!"

हे खरंच माझ्याकडे बघायला लागले. "तू म्हणशील तसं."

मला असा राग आला! हो म्हटलं असतं तर खोली मिळाली असती, आणि रोज मान खाली घालून घरी येणारा नवरा. "राहू देत त्या फळ्या," मी म्हटलं आणि स्टोव्हपाशी जाऊन भांडी आपटली.

बाळ खोक्यात वाढलं. थप्पी मुरली. ह्यांच्या कपाटाचं दार कुठल्याही हवेत एका बोटाने लागायचं. हळूहळू लोक नंबर लावून थांबायला लागले. मागणी वाढली तसं लाकूडही वाढलं. बाहेरच्या खोलीत दुसरी थप्पी उभी राहिली.

मुलगा हाताशी आला, तेव्हा शेजारचं घर विकायला निघालं. ह्यांनी लगेच घेतलं. मी किल्ली घेऊन धावले, झाडून काढलं, खाट कुठे, आरसा कुठे, मनात मांडूनही झालं. कोणी नाही असं बघून हात पसरून एक गिरकी घेतली. तेवढ्यात दारात गाडी लागली. ताज्या, ओल्या फळ्या.

"हे लाकूड पोराच्या उमेदीत कामाला येईल," हे म्हणाले. चेहरा नुसता फुलला होता.

"आणि आपण?"

"आपण आहोत तिथे बरे आहोत की. सवय झालीय. जरा धरतेस का?"

मी झाडू भिंतीला टेकवला आणि फळीचं दुसरं टोक धरलं.