दोन ओळींचा बहार

बत्तीस वर्षं बारामतीच्या कॉलेजात मराठी शिकवलं. ‘बहार’ हा शब्द आला की मी खुशीत यायचे. शब्द मूळचा फारसी, अर्थ वसंत. आपण तो घरात घेतला, त्याचा बहर केला, झाडांना दिला, गाण्याला दिला, वयालाही दिला. डाळिंबवाल्या घरातली एखादी मुलगी मात्र विचारायची, की मॅडम, आमच्याकडं वर्षात तीन बहार कसे? मी तिला खाली बसवायचे.

निवृत्त झाले, पाठोपाठ नवरा गेला. फ्लॅटमध्ये जीव रमेना, म्हणून निमगाव केतकीला धाकट्या भावाकडे, गोकुळकडे आले. जमिनीच्या हक्कसोडपत्रावर मी केव्हाच सही केली होती, त्यामुळे मागायला तोंड नव्हतं. तरी मागितलं. जमीन नको, डाळिंबाच्या दोन ओळी सांभाळायला दे, म्हटलं. नुसतं चहा पीत किती दिवस बसणार? गोकुळ मला बागेत घेऊन गेला. मग बांधाकडच्या दोन ओळी दाखवून म्हणाला, की एवढा आंबे बहार बघ, जमलं तर पुढचं पुढं.

मार्गशीर्षात त्याने बाग ताणावर सोडली, म्हणजे पाणी बंद केलं. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास डाळिंबाला कळी हवी, म्हणून हा आंबे बहार. पावसाच्या तोंडावरचा मृग आणि पाऊस सरतानाचा हस्त, हे बाकीचे दोन. महिना-दीड महिना झाड तहानेलं ठेवायचं, पानं झडू द्यायची, मग पाणी सोडलं की सगळी बाग एकदम कळीवर येते. याला बहार धरणं म्हणतात. इतका निर्दय वसंत मी कधी कुणाला शिकवला नव्हता.

त्यातच गोकुळचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. बायकोला, सिंधूला घेऊन तो पंधरा दिवसांसाठी पुण्याला गेला. जाताना एकच बजावून गेला, की ठिबकच्या व्हॉल्व्हला हात लावू नकोस.

चौथ्या दिवशी माझ्या ओळींची पानं पिवळी पडून गळायला लागली. हट्टाने मागून घेतलेली झाडं माझ्याच हातात मरताहेत, असं वाटून मला भरून आलं. अक्कल गहाण ठेवली आणि दोन्ही ओळींचं पाणी दोन तास सोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्याभरात कोवळी, तांबूस पालवी फुटली. बाकी बाग उघडीबोडकी आणि माझ्या ओळी तेवढ्या तजेलदार. शेजारच्या आबाजींना मी मुद्दाम बोलावून दाखवल्या. ते हसले आणि निघून गेले.

गोकुळ आला तो पोटाचा पट्टा सावरत थेट बांधापर्यंत गेला आणि झाडांकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त सांगितलं, की ताण मोडलाय, आता झाड पानातच रमणार, कळी काढायचं नाही.

तसंच झालं. पहिलं पाणी दिल्यावर माघात सगळी बाग लाल कळ्यांनी भरली, मधमाश्या घोंगावायला लागल्या. माझ्या ओळींत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कळ्या. येणारा-जाणारा बघून जायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी एका संध्याकाळी मी बॅग भरली. सकाळच्या एसटीने बारामतीला जाते, म्हणाले.

गोकुळने बॅगेकडे पाहिलं.

"अक्का, तुझ्या वळींना मृग बहार धरू," तो म्हणाला. "उन्हाळ्यात ताण दिऊ, पाणी जूनमंदी. फळांचा तोडा यायला संक्रांत हुईल."

"पुढची?"

"व्हय. तवर तुला हितंच ऱ्हावं लागंल. त्या झाडांना मी हात लावायचो न्हाय. ती तुझी हायती."

पुढची संक्रांत अकरा महिन्यांवर होती. सिंधूने बॅगेतल्या साड्या काढून कपाटात लावल्या, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले.