गार लागतंय का?

मुंगी आमच्याच ऑपरेशन थिएटरची सिस्टर. बुटकी आणि सदा धावपळीत, म्हणून मुंगी. इतकी वर्षं तीच माझ्या हातात सुई द्यायची. आज ती सिझेरियनसाठी टेबलावर, आणि भूल देणारी मी.

पहिल्या खेपेला घाईघाईत पूर्ण भूल द्यावी लागली होती. ती शुद्धीवर आली तोवर बाळ गेलेलं. जरासं रडलं होतं ते. आम्ही सगळ्यांनी ऐकलं, हिने मात्र नाही. यंदा तिचं एकच म्हणणं, "काही झालं तरी मला जागं ठेवा."

कमरेत सुई दिली. उंची बेताची, म्हणून औषधाला मी जरा हात आखडता घेतला. मग स्पिरिटचा बोळा पोटावरून फिरवला; बधिर झालं असेल तर गार लागत नाही.

"गार लागतंय?"

"नाही."

बोळा गळ्याशी नेला. "इथं?"

"इथं लागतंय."

अगदी पुस्तकातलं उत्तर! पण बोळा बेंबीवरून जाताना तिची पापणी लवली होती. माझ्या शेजारी उभं राहून राहून बयेला उत्तरं पाठ झालेली; गार लागतंय म्हटलं तर पूर्ण भूल मिळेल, हेही ठाऊक. माझं डोकंच फिरलं.

"खोटं बोलतेस? माझ्याशी?"

सर्जन सुरी घेऊन तयार. "मॅडम, आज करायचंय की उद्या?"

"जरा कळ काढा!" मी खेकसले.

औषध वर चढावं म्हणून टेबल डोक्याकडून खाली केलं. पोटाचा भार आतल्या मोठ्या शिरेवर नको, म्हणून उजव्या कुशीखाली उशी सारली. तेवढ्यात तिचं प्रेशर उतरलं, मळमळायला लागलं. इंजेक्शन देऊन सावरलं. पुन्हा बोळा, मग चिमटा. आता चेहरा शांत. नाडी पळत होती, पण म्हटलं, घाबरली असेल.

"खरं सांग गं बाई."

"खरंच काही नाही. करा सुरू."

सर्जननी सुरू केलं. मुंगीनं माझा हात असा आवळला की बोटं बधिर झाली. डोळे गच्च मिटलेले. मी आपली उगाच बडबडत राहिले.

आणि बाळ रडलं. कसलं रडलं! सगळं थिएटर दणाणलं. मलाही रडू फुटलं, त्यात लाज कसली? बाळ तिच्या गालाशी धरलं. ती ऐकत राहिली. ते दमून गप्प झालं, तेव्हा कुठे तिनं माझा हात सोडला.

"मॅडम, आता पूर्ण भूल दिलीत तरी चालेल," ती म्हणाली. "मघापासून दुखतंय."